जीएलआर, ब्राइन आणि फुकटचं सॉफ्टवेअर

रासायनिक रिॲक्टरचं गणित मांडणारी फुकटची सॉफ्टवेअरं मी वापरून पाहिली, त्यांचा निकाल आधीच सांगून टाकते, म्हणजे घाईतल्यांना पुढचं वाचायला नको. तुमचा रिॲक्टर वायूचा असेल तर कँटेरा घ्या. प्लांटचा अख्खा फ्लोशीट, म्हणजे सगळी यंत्रं आणि प्रवाह जोडून दाखवणारा आराखडा, मांडायचा असेल आणि रिॲक्टर त्यातला एक डबा असेल, तर डीडब्ल्यूसिम घ्या. पण लोटे, महाड, तारापूर किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीत बसून तुम्ही द्रवात बॅच घेत असाल, तर या दोघांच्या मधली जागा रिकामी आहे. ती पायथनमध्ये स्वतः भरावी लागते. तेवढं जमलं की काम होतं, आणि उत्तम होतं.

आता सविस्तर. मी लोटे परशुरामला एका मध्यम आकाराच्या फाइन केमिकल्सच्या कंपनीत प्रोसेस इंजिनिअर आहे. आर अँड डीकडून रेसिपी येते, ती प्लांटवर उतरवायची. एक लिटरच्या फ्लास्कमधून ६.३ केएलच्या (किलोलिटरच्या) जीएलआरमध्ये, म्हणजे आतून काचेचा थर असलेल्या लोखंडी भांड्यात. पूर्वी आमच्याकडे एका व्यापारी सिम्युलेटरचं लायसन्स होतं. नूतनीकरणाच्या वेळी अकाउंट्समधून विचारणा झाली, "मॅडम, हे रोज लागतं का?" रोज लागत नव्हतं. तसं सांगितलं आणि लायसन्स गेलं. तेव्हापासून मी मुक्त सॉफ्टवेअरवर आहे आणि परत फिरायचा विचार नाही, पण तक्रारी आहेत.

तक्रारी कळायला आमचं दुखणं कळायला हवं. दहा सेंटिमीटर व्यासाच्या भांड्यात एक लिटर द्रव भरला तर त्याला लागलेली बाजूची भिंत होते सुमारे ०.०४ चौरस मीटर. म्हणजे घनमीटरमागे ४०. जीएलआरचं जॅकेट १५ चौरस मीटरच्या आसपास, त्याला ६.३ ने भागलं की अडीचसुद्धा येत नाही. थंड भिंत सोळा-सतरा पटींनी कमी झाली, आणि वर तो काचेचा थर उष्णतेला अडवतो. आता समजा नायट्रेशन आहे, म्हणजे नायट्रिक ॲसिड सोडून रेणूवर नायट्रो गट बसवायचा आहे. मोलमागे १५० किलोजूल उष्णता धरा, बॅचमध्ये १० किलोमोल माल. एकूण १,५०० मेगाजूल बाहेर काढायचे. जॅकेटमध्ये ५ अंशांचं ब्राइन (थंड केलेलं खारं पाणी), आत ३५ अंश, यू (भिंतीतून उष्णता किती सहज जाते तो आकडा) २५० धरला तर उष्णता निघते ११२ किलोवॅटने. ॲसिड सोडायला कमीत कमी पावणेचार तास. केमिस्टने फ्लास्कमध्ये तेच चाळीस मिनिटांत सोडलेलं असतं, आणि त्याच्या रिपोर्टमध्ये "एक्झोथर्म सौम्य" असं लिहिलेलं असतं.

इथपर्यंतचं गणित कागदावर होतं, त्याला सॉफ्टवेअर कशाला? सॉफ्टवेअर लागतं ते पुढच्या प्रश्नाला. सोडलेला माल लगेच खपतो की भांड्यात साचत जातो? शिफ्टमधला माणूस तापमान वाढेल या भीतीने बॅच हवी त्यापेक्षा थंड ठेवतो. रिॲक्शन मंदावते, तापमान शांत दिसतं, आणि न खपलेला माल आत वाढत राहतो. त्याच वेळी ब्राइनचा पंप बंद पडला तर?

अमेरिकेत फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला टी-टू लॅबोरेटरीजचा बॅच रिॲक्टर १९ डिसेंबर २००७ रोजी फुटला. चार माणसं गेली. तिथल्या केमिकल सेफ्टी बोर्डाचा तपास अहवाल सगळ्यांना वाचायला खुला आहे, वाचाच. थंड करण्याची व्यवस्था कोलमडली, तापमान चढलं, आणि १९९ अंशांच्या वर सोडियमची डायग्लाइम या द्रावकाशीच दुसरी रिॲक्शन पेटली. पहिली रिॲक्शन हवी असलेली, दुसरी कुणाच्या हिशोबात नसलेली. नवं साधन हातात आलं की मी त्याला हाच साचा देते: दोन रिॲक्शन, एक जॅकेट, मध्येच थंडावा बंद. जे साधन हे सरळपणे मांडू देतं ते माझ्या कामाचं.

डीडब्ल्यूसिमपासून सुरुवात करू, कारण बहुतेकांची तिथूनच होते. ब्राझीलच्या डॅनियल वॅग्नर यांनी २००८ मध्ये हा प्रकल्प सुरू केला. विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींवर चालतो. आपल्याकडे तो कॉलेजांपर्यंत पोचला तो आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पामुळे. विद्यार्थी फ्लोशीट बनवतात, ते तपासून सर्वांसाठी ठेवले जातात, आणि विद्यार्थ्याला मानधनही मिळतं. लोणेऱ्याहून किंवा माटुंग्याहून नवीन मुलगा आमच्याकडे आला की त्याने डीडब्ल्यूसिम निदान उघडून तरी पाहिलेलं असतं, ही त्याचीच पुण्याई. तयार फ्लोशीटांचा तो साठा मला सॉफ्टवेअरइतकाच मोलाचा वाटतो. शून्यापासून सुरू करण्यापेक्षा कुणाचा तरी मिळताजुळता फ्लोशीट उघडून त्यात बदल करत गेलं की अर्धं शिक्षण आपोआप होतं.

यादीत रिॲक्टरचे पाच प्रकार आहेत: कन्व्हर्जन, इक्विलिब्रियम, गिब्ज, सीएसटीआर (सतत माल येत-जात असलेलं ढवळतं भांडं) आणि पीएफआर (लांब नळीसारखा). पहिला सर्वांत बाळबोध: किती टक्के रूपांतर होणार ते तुम्हीच सांगायचं, तो मास आणि हीट बॅलन्स करून देतो. कमी लेखू नका. प्राथमिक अंदाजाला, स्टीम आणि चिल्ड वॉटर किती लागेल हे काढायला, तेवढाच पुरतो. गिब्जला रिॲक्शनही सांगावी लागत नाही, फक्त घटकांची नावं द्यायची. खरी परीक्षा शेवटच्या दोघांची. तिथे आर्हेनियसचे ए आणि ई (तापमानाबरोबर वेग कसा बदलतो हे सांगणारे दोन आकडे; ई म्हणजे सक्रियण ऊर्जा), प्रत्येक घटकाची ऑर्डर, वेग कशाच्या आधारावर (मोलर सांद्रता, आंशिक दाब, फ्युगॅसिटी, जे असेल ते) आणि रिॲक्शन कुठल्या फेजमध्ये, हे सगळं भरावं लागतं. साध्या आर्हेनियसमध्ये न बसणारं वेगाचं सूत्र असेल तर पायथनची छोटी स्क्रिप्ट लिहून देता येते, आणि हे मला फार आवडलं. पीएफआरमध्ये कॅटलिस्टचं वजन, कणांचा व्यास आणि पोकळी दिली की बेडमधला दाबाचा उतार तो स्वतः काढतो.

सॉल्व्हंट रिकव्हरीसाठी तर मी याच्याशिवाय दुसरं काही उघडतच नाही. मिथेनॉल आणि टोल्युइन यांचं ॲझिओट्रोप (ऊर्ध्वपातनाने वेगळं न होणारं मिश्रण) होतं, हे एनआरटीएल हे द्रवमिश्रणांचं मॉडेल निवडल्यावर व्यवस्थित दिसतं. सवयीने पेंग-रॉबिन्सन हे दुसरं मॉडेल ठेवून दिलं तर उत्तर येतं, देखणं येतं, आणि ते प्लांटवर कधीच दिसत नाही. हा दोष सॉफ्टवेअरचा नाही. पण नवख्याला खडसावून सांगणारी एखादी लाल पट्टी तिथे असती तर बरं झालं असतं. आपल्या जोडीचे एनआरटीएल आकडे साठ्यात नसले तर युनिफॅकवरून, म्हणजे रेणूंच्या गटांवरून हिशोब करणाऱ्या पद्धतीने, अंदाज काढता येतो; तो अंदाज आहे हे मात्र रिपोर्टमध्ये लिहा.

माझ्या परीक्षेत मात्र डीडब्ल्यूसिम अडखळतं. बॅच रिॲक्टर त्या पाचांत नाहीच. डायनॅमिक मोड आहे, पण तो सतत चालणाऱ्या प्लांटचे कंट्रोलर आणि टाक्यांच्या पातळ्या बघायला सोयीचा. "दोन तास डोसिंग, मग तापमान वाढवा, मग चार तास ठेवा, मग थंड करा" अशी बॅचशीट त्यात मांडणं म्हणजे द्राविडी प्राणायाम. पेट्रोकेमिकलवाल्यांना हे जाणवणारही नाही. कोकणपट्टीतल्या औषधी आणि रंगद्रव्यांच्या कारखान्यांना पहिल्याच दिवशी जाणवेल.

कँटेरा वेगळ्या घराण्यातलं. कॅलटेकच्या डेव्हिड गुडविन यांनी ते सुरू केलं. गाभा सी प्लस प्लसमध्ये, वापर बहुतेक पायथनमधून. इथे ओढून ठेवायला चित्रं नाहीत, खिडक्या नाहीत, सगळं लिहून सांगायचं. रिॲक्शनांची यादी यॅमल फाइलमध्ये असते. ज्यांच्याकडे जुन्या केमकिन पद्धतीच्या फाइली पडून आहेत त्यांच्यासाठी रूपांतर करणारी आज्ञा सोबतच मिळते. जुन्या एक्सएमएल आणि सीटीआय फाइली ३.० आवृत्तीपासून चालत नाहीत, तेव्हा इंटरनेटवरून दहा वर्षांपूर्वीचं उदाहरण उचलून चालवायला गेलात तर कपाळाला हात लावाल. आणखी एक सावधगिरी: एककं सगळी एसआय, पण मोलच्या जागी किलोमोल. सक्रियण ऊर्जेत हजाराचा घोळ इथेच होतो.

आमच्याकडे कँटेराचं काम म्हणजे व्हेंटच्या वाफा जाळणारी भट्टी. मिथेनॉलच्या वाफा ८५० अंशांना दोन सेकंद राहिल्या तर चिमणीतून कार्बन मोनॉक्साइड किती निघेल, हा प्रश्न. सोबत येणारी जीआरआय-मेक ३.० ही यादी नैसर्गिक वायूच्या ज्वलनासाठी जुळवलेली आहे: ५३ घटक, ३२५ रिॲक्शन. मिथेनॉल त्यात आहे, नायट्रोजनची ऑक्साइडंही आहेत. टोल्युइन नाही, टोल्युइनसाठी दुसरी यादी शोधावी लागते. बर्नरजवळचा घुसळणारा भाग सीएसटीआर, पुढचा लांब भाग पीएफआर, असे दोन तुकडे जोडले. मधे मास फ्लो कंट्रोलर, बाजूला उष्णता गळणारी भिंत. हे सगळं पन्नासेक ओळींत होतं आणि उत्तर डोळ्याची पापणी लवायच्या आत येतं. पीएफआरसाठी वेगळा फ्लो रिॲक्टर आहे. नाहीतर लहान लहान सीएसटीआरची माळ लावायची जुनी युक्तीही चालते.

नवख्यांना एक गोष्ट हमखास गोंधळात टाकते. सीएसटीआर थंड हवेने भरलेला ठेवून सुरू केलात तर तो पेटतच नाही. इंधन आत येतं, तसंच बाहेर जातं. तोच रिॲक्टर आधी जळालेल्या, समतोल साधलेल्या वायूने भरून सुरू करा, मग तो पेटलेला राहतो. हा बिघाड समजू नका. एकाच परिस्थितीत दोन स्थिर अवस्था असतात हे आपण तिसऱ्या वर्षाला आलेखावर शिकतो. इथे ते हाताला लागतं. शिकवणाऱ्यांनी वर्गात हे एकदा करून दाखवावं, आलेख पाठ करायची गरज उरणार नाही.

पण जीएलआरमधला नायट्रेशनचा लगदा कँटेराच्या अंगणात येत नाही. त्याची ताकद वायूत आणि वायू-पृष्ठभागाच्या रिॲक्शनमध्ये. एक्स्टेन्सिबल रिॲक्टर वापरून स्वतःची समीकरणं त्यात घुसवता येतात. मात्र द्रवाचा सगळा संसार आपणच मांडायचा असेल तर कँटेराचं ओझं कशासाठी वाहायचं?

म्हणून सायपाय. हे रिॲक्टरचं सॉफ्टवेअरच नाही, गणिताची पेटी आहे. त्यातलं सॉल्व्ह-आयव्हीपी नावाचं फंक्शन डिफरन्शियल समीकरणं सोडवतं, बस. भांड्यात प्रत्येक घटक किती, आतलं तापमान, जॅकेटचं तापमान, आतापर्यंत सोडलेला माल: सहा-सात समीकरणं. टी-टूचा साचा यात सरळ बसतो. दुसरी रिॲक्शन म्हणजे आणखी एक ओळ, ब्राइन बंद म्हणजे एका वेळेनंतर यू शून्याजवळ. "इव्हेंट" नावाची सोय तर जणू आमच्यासाठीच केलेली: तापमान अमुक अंशांवर गेलं की डोसिंग थांबव, किंवा गणितच थांबवून वेळ सांग. प्लांटवरचा इंटरलॉक जसाच्या तसा मॉडेलमध्ये येतो.

दोन खाचखळगे सांगते. न सांगता वापरली जाणारी पद्धत आरके४५ आहे. रनअवे होताना, म्हणजे रिॲक्शन हाताबाहेर जाताना, एक रिॲक्शन सेकंदात धावते आणि दुसरी तासात रांगते. अशा ताठर समीकरणांवर ती पद्धत दमते. बीडीएफ, रदाऊ किंवा एलएसओडीए निवडा. दुसरं, अचूकतेची मर्यादा मुळात ढिली असते, सापेक्ष चूक हजारात एक. अशुद्धी ०.१ टक्क्याच्या आत आहे की नाही हे बघायचं असेल तर ती आवळल्याशिवाय निघालेला आकडा कुणाला दाखवू नका.

याच पेटीतून मी कायनेटिक्सही, म्हणजे रिॲक्शनच्या वेगाचे आकडे, काढते. एचपीएलसीचे नमुने आणि कॅलरीमीटरची उष्णता दोन्ही एकत्र घेऊन लीस्ट स्क्वेअर्स. इथे ए आणि ई एकदम शोधायला बसू नका. दोघं एकमेकांना इतके बांधलेले असतात की एक वाढला की दुसरा वाढतो आणि जुळणी तेवढीच चांगली दिसते. त्याऐवजी प्रयोगांच्या मधल्या तापमानाचा के (वेगाचा स्थिरांक) आणि ई असे दोन शोधा. उत्तर लगेच स्थिर होतं, आणि त्यातली अनिश्चितताही समजते.

उणीव उघड आहे. सायपायला रसायन कळत नाही. घनता, उष्माधारकता, बाष्पदाब, सगळं तुम्ही आणायचं. थर्मो नावाची मुक्त पायथन लायब्ररी पुष्कळ मदत करते. शुद्ध सॉल्व्हंटसाठी तिच्यावर विसंबते. आपल्या इंटरमीजिएटची माहिती मात्र कुठल्याच साठ्यात नसते, ती मोजावीच लागते. शिवाय फाइल लिहिणारी व्यक्ती नोकरी सोडून गेली की मागच्यांना ती वाचता आली पाहिजे. फ्लोशीटचं चित्र कुणालाही उलगडतं, माझी फाइल उलगडेलच असं नाही. म्हणून प्रत्येक आकड्यापुढे तो कुठून आला हे मराठीतच लिहून ठेवते.

या फाइलीचा सर्वांत मोठा उपयोग मात्र मला कॅबिनमध्ये नाही, प्लांटवर दिसला. दोन रेषा छापून कंट्रोल रूममध्ये लावल्या. बॅच ३५ अंशांना ठेवली तर न खपलेल्या मालाची रेषा खाली, जवळजवळ आडवी. २० अंशांना ठेवली तर ती चढत जाते, आणि डोसिंग संपतं तेव्हा निम्मा माल आत नुसता बसलेला. आमचे शिफ्ट इनचार्ज, ज्यांनी माझ्या वयापेक्षा जास्त वर्षं रिॲक्टर चालवलेत, बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे थंड ठेवली की सुरक्षित, हे खोटंच की हो मॅडम." त्यांनी स्वतः बॅचशीटमध्ये "तापमान ३० च्या खाली गेल्यास डोसिंग थांबवा" अशी ओळ घालून घेतली. त्याआधी फक्त वरची मर्यादा लिहिलेली होती. रनअवेवरचं माझं प्रेझेंटेशन त्यांनी याआधी दोनदा ऐकलं होतं, सौजन्याने.

ओपनफोमबद्दल थोडक्यात. भांड्याच्या आत द्रव कसा फिरतो, ॲसिड सोडलं त्या जागी ते किती वेळ न मिसळता राहतं, हे बघायचं तर सीएफडी, म्हणजे प्रवाहाचं संगणकी गणित, हवंच, आणि मुक्त सीएफडीत ओपनफोमला तोड नाही. २००४ पासून ते खुलं आहे. पण त्याच्या दोन शाखा आहेत, फाउंडेशनची आणि ईएसआयची. एकीचं उदाहरण दुसरीत चालेलच असं नाही. फाउंडेशनच्या नव्या आवृत्त्यांत जुने स्वतंत्र सॉल्व्हर मोडून मॉड्यूल केले आहेत, त्यामुळे रिॲक्टिंगफोमवरचे जुने धडे तिथे लागू होत नाहीत. जाळी बनवायलाच हात बसावा लागतो. रोजच्या स्केल-अपला मी ते उघडत नाही. मिक्सिंगमुळे बाय-प्रॉडक्ट वाढतंय असा पक्का संशय असला आणि हाताशी महिनाभर असला तरच.

एमआयटीचं आरएमजीही आहे, रिॲक्शनांची यादी स्वतः तयार करणारं. ज्वलन आणि पायरोलिसिसवाल्यांना वरदान. आमच्या क्लोरो-नायट्रो संयुगांसाठी मला त्याचा उपयोग झालेला नाही.

एक काम मात्र यातल्या कुठल्याच साधनाने सोपं केलं नाही: हायड्रोजनेशन. नायट्रो गटाचा अमिनो करताना मोलमागे साधारण ५६० किलोजूल निघतात, नायट्रेशनच्या जवळजवळ चौपट. पण वेग ठरतो तो बहुधा हायड्रोजन द्रवात किती लवकर विरघळतो यावर, म्हणजे केएलए. तो आकडा ढवळण्यावर, पातळीवर, ॲजिटेटरच्या आकारावर अवलंबून. समीकरणात तो फक्त एक पद आहे, सायपाय ते आनंदाने सोडवतं. आकडा मात्र ऑटोक्लेव्हपाशी (दाबाखाली चालणाऱ्या बंद भांड्यापाशी) उभं राहूनच मिळतो: ढवळणं बंद ठेवून हायड्रोजनचा दाब भरायचा, मग ढवळणं सुरू करायचं आणि दाब कसा उतरतो ते नोंदवायचं. कॅटलिस्ट न घालता, नाहीतर रिॲक्शनही मोजली जाते. लॅबचा केएलए प्लांटला तसाच लावू नका, प्लांटच्या भांड्यात पुन्हा मोजा.

लायसन्सचं सांगायचं तर कँटेरा आणि सायपाय बीएसडीखाली, डीडब्ल्यूसिम आणि ओपनफोम जीपीएलखाली. कारखान्यात वापरायला चारही मोकळे. जीपीएलवाल्यात बदल करून ते बाहेर कुणाला द्यायचं असेल तर सोर्सही द्यावा लागतो, हे कन्सल्टन्सीवाल्यांनी ध्यानात घ्यावं. आमच्या आयटीने चारही मंजूर केली आहेत. परचेस मात्र अजून विचारतं, शून्य रुपयांची पीओ कुठल्या हेडखाली काढायची.